गोव्यातल्या केरीच्या भटकंतीबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. आम्ही तासभर उशिरा निघालो, स्वच्छ ऊन असताना अर्ध्या वाटेवरून परत फिरवले, सडा, म्हणजे डोंगरावरचे कातळाचे पठार, दाखवलाच नाही आणि मुलीच्या पायाला जळू लागली, असे तुम्ही लिहिले आहे. पुण्याहून सुटी काढून आलात आणि ज्यासाठी आलात तेच राहून गेले, याबद्दल मनापासून माफी मागतो. जळवांसाठी मीठ होते, पण ते रांगेच्या पुढे वाटाड्या काकांच्या पिशवीत, आणि मुलगी होती मागे. ते आमचेच चुकले. व्हाळापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, काका आणि मी आपसात कोकणीतून बोललो, त्यामुळे काहीतरी लपवतोय असे तुम्हाला वाटले असणार. तिथेच सगळ्यांना मराठीत समजावून सांगायला हवे होते.

पण 'तासभर उशिरा निघाले' हे वाक्य वाचल्यापासून मला झोप नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

केरीला धरणाच्या फाट्यावर साडेसहाला जमायचे, हा निरोप आदल्या दिवशी दोनदा पाठवला होता. कळंगुटहून येणाऱ्यांनी म्हापसा, डिचोली, साखळी या वाटेला दीड तास धरावा, हेही त्यात होते. आम्ही सहालाच तिथे होतो. फोंड्याचे एक निवृत्त जोडपे अंधारात स्कूटर चालवत सहा वीसला आले. साडेसहाला दहा जण तयार होते. सहा चाळीसला मी फोन केला तेव्हा तुमची गाडी डिचोलीच्या अलीकडे होती. तुम्ही पोहोचलात सात पंचवीसला. मुलांनी काही खाल्ले नव्हते, म्हणून आधी चहा आणि भाजीपाव झाला. निघालो सात चाळीसला. त्या दहा जणांपैकी एकानेही तोंड वाकडे केले नाही आणि मीही तुम्हाला एक शब्द बोललो नाही. लांबून आलेल्या माणसांना, त्यात लहान मुले असलेल्यांना, मागे टाकून जायचे मला पटत नाही.

ही सत्तर मिनिटे मी मोजतोय ती हिशेब मांडायला नव्हे. ऑक्टोबरात सकाळची वेळ हीच सगळी पुंजी असते. जून ते सप्टेंबरचा पाऊस समुद्राकडून येतो, तो येताना दिसतो. परतीचा पाऊस उलट्या बाजूने, घाटमाथ्याकडून उतरतो. सकाळी आभाळ निळेशार, ऊन चढले की चोर्ला घाटाच्या अंगाला ढगांचे डोंगर उभे राहतात, आणि दुपारनंतर विजांसकट कोसळतो. सड्यावर आडोसा नाही. उघडा कातळ, आणि त्यावर सगळ्यांत उंच आपणच. म्हणून आमचा नेम असा, की सव्वादहापर्यंत वर पोहोचायचे आणि बाराला दुसरा व्हाळ ओलांडून खाली यायचे.

त्या दिवशी दुसऱ्या व्हाळापाशीच आपल्याला दहा वाजून गेले. म्हणजे वर जायला साडेअकरा आणि परत व्हाळापाशी यायला दीड. डोक्यावर ऊन होते, हे अगदी खरे. पण व्हाळाचे पाणी त्या उन्हाचे नव्हते, वर घाटात पडलेल्या पावसाचे होते. काकांनी पाण्याच्या काठाला एक दगड ठेवला होता, तुमच्या मुलीनेच तो त्यांना आणून दिला. दहा मिनिटांत तो बुडाला. पाणी गढूळ झाले, पानेकाड्या वाहून येऊ लागल्या. तुम्ही त्यांना 'घाबरट म्हातारा' म्हटले आहे. त्यांचे सगळे आयुष्य या रानात गेले आहे. पाणी असे लाल झाले की ते पलीकडे कोणालाच नेत नाहीत, मग तो कितीही मोठा पाहुणा असो. ते वाक्य मी त्यांना वाचून दाखवलेले नाही.

पाऊस लगेच आला नाही, हेही मान्य. पहिला गडगडाट झाला एक पन्नासला. तुम्ही न जेवताच निघाला होता, तेव्हा म्हापशाच्या आसपास असाल. बाकीचे जेवून पडवीत बसले होते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी उघड्यावर जायचे नाही, म्हणून निघायला चार वाजले. कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) ज्या घरी जेवण ठेवले होते, तिथल्या काकूंनी तुमच्या चौघांची पाने शेवटपर्यंत झाकून ठेवली होती. उकड्या तांदळाचा भात होता, अळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक, म्हणजे रस्साभाजी, होते, सोलकढी होती.

हवामानामुळे वाट बदलली तर पैसे परत नाहीत, असे नोंदणीत लिहिलेले आहे. तरीही माणशी 1200 पैकी 600 रुपये तुमच्या खात्यावर पाठवले आहेत. यापुढे वेळेचे आणि वाटेत माहिती देण्याचे आम्ही जास्त नीट बघू, मीठही मागच्या माणसाकडे ठेवू.

चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) पाऊस ओसरला की उन्हाळ्यापर्यंत आमचा हंगाम. त्यावर माझे घर चालते, काकांचे चालते, काकूंनाही चार पैसे मिळतात. तुमचा अभिप्राय आल्यापासून दोन गटांनी नावे काढून घेतली. एकाने कारण दिले, 'तुम्ही वेळ पाळत नाही असे वाचले.' जळवांचे राहू दे, सड्याचेही राहू दे, दोन स्टारही तसेच असू देत. उशिराची तेवढी एक ओळ मात्र जमल्यास दुरुस्त करा, ही हात जोडून विनंती.

आपला,
भटकंतीचा आयोजक, केरी-सत्तरी