पडद्यांसाठी एक क्वार्टर

मावशी येणार असल्याचा फोन आला आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम नाकं वर केली. सोफ्याला वास येतो हे आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो घरचाच होता, आपल्या घोरण्यासारखा. पाहुणा येणार म्हटल्यावर त्याचा कुबट वास झाला.

जुलैचा तिसरा आठवडा. ठाण्यात पंधरा दिवसांत ऊन म्हणून पडलं नव्हतं. या दिवसांत आमच्याकडे माणसांपेक्षा टॉवेल जास्त दिसतात. दारामागे, गजांना, पंख्याखालच्या स्टँडवर, आणि एक कायम ओला, जो विचारलं तर कुणाचाच नसतो. पडदे, उशा, सोफ्याची कव्हरं, सगळ्याला मिळून एकच वास : माळ्यावर भिजलेल्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याचा.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिने उशी हुंगली आणि निदान केलं, "बाबा, हा मोराक्सेला." 2012 साली जपानी संशोधकांनी शोधून काढलंय म्हणे, की ओल्या कपड्यांच्या त्या वासामागे हा जिवाणू असतो. कपडे धुवा, वाळवा, तो आत तग धरून बसतो. थोडक्यात, पागडीचा भाडेकरू.

विकतचा फवारा आणायला मी गेलो होतो, नाही असं नाही. पण एवढ्या पैशांत किलोभर तूरडाळ येते, असं मी दुकानातच मोठ्याने म्हणालो. "मग तूरडाळ शिंपड," बायको म्हणाली आणि पुढे निघून गेली. तिथे माझ्यातला संशोधक जागा झाला.

पहिला प्रयोग खाण्याच्या सोड्याचा. दोन चमचे सोडा, भांडंभर पाणी. वाळल्यावर काळ्या उशीवर पांढरी नक्षी उमटली, आणि वास होता तिथेच होता. तो विषय तिथेच संपला.

दुसरा वाळ्याचा. उन्हाळ्यात माठात सोडलेली वाळ्याची पुरचुंडी आईने जपून ठेवली होती. ती रात्रभर भिजवली. सकाळी पाण्याला असा काही थंड, मातकट सुगंध सुटला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. काच पुसायच्या रिकाम्या बाटलीत ते भरून मी सोफ्याच्या क्रीम रंगाच्या कव्हरांवर सढळ हाताने मारलं. वाळ्याच्या पाण्याचा रंग फिक्या चहासारखा असतो, हे पातेल्यात कळत नाही, कव्हरावर कळतं. कडेला गडद, मध्ये फिकट, अशी अकरा वर्तुळं. मी मोजली. बायकोनेही मोजली, पण मोठ्याने.

मग मुलगीच म्हणाली, की तेल पाण्यात विरघळत नाही, ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. कुठूनशी तिने कृतीही काढली : व्होडका, पाणी, सुगंधी तेल. माझ्या वडिलांनी आयुष्यात सोड्याची बाटलीसुद्धा दार लावून फोडली. त्यांचा मुलगा भर दुपारी, छत्री तोंडावर धरून, वाइन शॉपच्या जाळीसमोर उभा राहिला.

"जिला वास येत नाही अशी कुठली आहे?" मी विचारलं.

मालक मायेने हसला. "घरी कळायला नको, ना?"

"तसं नाही हो. पडद्यांना हवीय."

"हो, हो," तो म्हणाला, "आमच्याकडे बरेच जण पडद्यांनाच नेतात."

1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. पडद्यावर मारायला लागतो का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे रांग होती, आणि रांगेत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. दोघांनीही आकाशाकडे पाहून "काय पाऊस आहे!" म्हटलं. एकशे ऐंशी मिलीची बाटली मी भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली घातली.

लेबलावर 42.8 टक्के लिहिलं होतं. पूजेच्या कापराच्या वड्या कुटून मी त्यात टाकल्या आणि बाटली हलवत बसलो. कापूर खरोखर दिसेनासा झाला. मग निलगिरी. कृतीत वीस थेंब होते. आमच्या बाटलीचं बूच निघालं आणि पाव बाटली आत गेली. इथपर्यंत सगळं काचेसारखं स्वच्छ. मी पाणी ओतलं मात्र, डोळ्यांदेखत त्याचं ताक झालं. पांढरंशुभ्र, आणि वर कापराचे कण तरंगताहेत. "पाण्यामुळे अल्कोहोल पातळ झालं, आता ते तेलाला आणि कापराला धरून ठेवू शकत नाही," मुलीने सांगितलं. पाणी ओतायच्या आधी का नाही सांगितलं, तर मी विचारलं नव्हतं.

फवारा तीनदा चालला आणि बसला. तोटीच्या टोकाला भोक असतं सुईच्या अग्राएवढं, त्यात कापराचा कण अडकला. टाचणीने काढला, पुन्हा अडकला. चौथ्या वेळी मी तोटीत तोंडाने फुंकर मारली आणि पुढची दहा मिनिटं जीभ कुठे आहे ते कळत नव्हतं. शेवटी झाकण काढून हातानेच शिंपडलं, लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं.

संध्याकाळी आई समई लावायला आली. देवघर पडद्याला लागूनच. तिने काडी ओढली आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडत धावली, "आई, थांबा! त्या पडद्याला व्होडका मारलीय!"

काडी आईच्या हातातच विझली.

"पडद्याला काय मारलीय?"

मी अल्कोहोलची ज्वलनशीलता समजावून सांगू लागलो. तिला रसायनशास्त्रात रस नव्हता. त्या रात्री समई स्वयंपाकघरात लागली आणि देवांनाही दोन दिवस तिथेच, मिक्सरशेजारी मुक्काम करावा लागला. उरलेली बाटली तिने मला दाखवून फडताळात सर्वांत वर ठेवली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली : 'पडद्याचं औषध'.

शनिवारी मावशी आली. लग्न होऊन नागपूरला गेली त्याला चाळीस वर्षं झाली. दारातच तिने श्वास ओढला.

"काहून रे, जुलैत कूलर लावला का?"

नागपूरच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या असतात. तिला सोफ्यातला वाळा दारातून आला होता. आणखी दोन पावलं आत येऊन ती थबकली. "अन् सर्दी कोणाले झाली?" मग ती पडद्याशी गेली, पुन्हा श्वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. आईनेही काही सांगितलं नाही, फक्त मान हलवली. त्या दोन बहिणींमध्ये माझ्याविषयी तेव्हा जे ठरलं, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

कुबट वास? तो होताच. वाळा, कापूर आणि निलगिरी यांना जागा करून देत शांतपणे मागच्या बाकावर बसला होता.

रात्री मावशीचे गुडघे धरले. पावसात धरतातच. फडताळातली बाटली काढून तिने हुंगली, तळहातावर ओतली आणि गुडघ्यांना चोळली. सकाळी तरातरा चालत चहाला आली. जाताना बाटली तिच्या पिशवीत होती, चिठ्ठीसकट.

परवा नागपूरहून फोन आला. "ते पडद्याचं औषध संपलं रे. शेजारणीलेबी पाह्यजे. दोन बाटल्या पाठव."

काल पुन्हा त्या जाळीसमोर उभा राहिलो.

"पडदे?" मालकाने विचारलं.

"गुडघे," मी म्हणालो.