सर्व्हरवर कोण बसलंय? ‘डिझाइन’ बसलंय!

ऑफिसात इंजिनिअर नऊ, ट्रेनी दोन, आणि सर्व्हरवर लॉगिन एक. नाव ‘डिझाइन’. पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढं 123. चहावाल्या पोरालाबी पाठ असेल. असल्या मशीनवर "कोण काय करालंय तेवढं बघून सांग" ही ऑर्डर मला उठता-बसता येते. काय बघू? कपाळ?

आमचं काम कास्टिंग सिम्युलेशनचं. म्हणजे धातू ओतायच्या आधी ते कॉम्प्युटरवर करून बघायचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची मॉडेलं येतात, धातू साच्यात कसा भरतो, कुठं आधी गोठतो, श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडणारी पोकळी, कुठं येणार, ती भरायला जादा धातूचा साठा, म्हणजे रायझर, कुठं द्यायचा हे काढून द्यायचं. एकेक रन, म्हणजे एकेक गणित, रात्रभर चालतो. सोळा कोरचा, म्हणजे एका वेळी सोळा कामं ओढणारा, एकच लिनक्स सर्व्हर, सगळ्यांचा मिळून.

आता कोण आत आहे ते दाखवणारी ‘डब्ल्यू’ कमांड मारली की वर पहिली ओळ येते: मशीन किती दिवस चालू आहे, किती युजर, आणि लोड अ‍ॅव्हरेजचे, म्हणजे सरासरी किती प्रोसेस चालू किंवा रांगेत आहेत त्याचे, तीन आकडे, मागच्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. परवा तिथं 41 दिसत होतं. सोळा कोरवर 41! म्हणजे निम्म्याहून जास्त प्रोसेस रांगेत ताटकळत. खाली यादी: डिझाइन, डिझाइन, डिझाइन, डिझाइन. साहेब मागनं वाकून म्हणतात, "सात युजर दाखवतंय की, सात जण कोण?" अहो, ती सात माणसं नव्हेत, सात सेशन आहेत. एकट्यानं चार टर्मिनल उघडली की मोजणीत चार धरतात. हे मी किती वेळा सांगितलंय ते माझं मलाच माहीत.

मग सगळे शहाणे सांगतात, ‘फ्रॉम’च्या रकान्यात आयपी, म्हणजे कुठल्या मशीनवरनं आला त्याचा पत्ता, असतो, त्यावरनं शोध. व्हय तर! सगळे लॅपटॉप वायफायवर, पत्ता आज एक तर उद्या दुसरा, आणि घरनं लॉगिन करणारे सगळे ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या एकाच व्हीपीएनच्या पत्त्यावरनं आत. शोधा आता. ‘आयडल’चा रकाना बघितला तर एक सेशन सहा दिवस गप्प पडलंय. त्यात सॉफ्टवेअरची खिडकी उघडी, आणि लायसन्सच्या दोन सीटा, म्हणजे एका वेळी दोघांनीच वापरायचं, त्यातली एक त्यानं अडवून ठेवलेली. ते बंद करावं तर कुणाचं न सेव्ह केलेलं काम जाईल देव जाणे. नाही करावं तर दुसरा टेबल आपटतोय, "मला सीट मिळंना."

आणि खरे पठ्ठे यादीत दिसतच नाहीत. लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारं ‘नोहप’ लावून रन सोडायचा, लॉगआउट करायचं, आणि गंगावेशीत दूध प्यायला पसार. कोण लॉगिन आहे ते सांगणारं ‘हू’ म्हणतं कोणी नाही, सीपीयू कोण खातंय ते सांगणारं ‘टॉप’ म्हणतं सॉल्व्हर, म्हणजे गणित करणारा प्रोग्रॅम, बारा कोर खातोय. मालक कोण? डिझाइन. कधी उलटं असतं. सीपीयू निवांत आणि लोड आभाळाला, कारण लिनक्स डिस्कसाठी अडकून पडलेल्या प्रोसेसही लोडमध्ये धरतं, आणि कोणीतरी महिन्याभराच्या रिझल्ट फाईली भरदुपारी कॉपी करायला लावलेल्या असतात. कोणीतरी म्हणजे कोण, ते विचारू नका.

डोकं फिरलं ते गेल्या आठवड्यात. रात्रीतनं मशीन रीस्टार्ट झालं. एका व्हॉल्व्ह बॉडीचा रन संपत आला होता, गेला सगळा. पार्टी सकाळी दारात. लॉगिन-रीबूटच्या नोंदी दाखवणारं ‘लास्ट’ काढलं, त्यात रीबूटची ओळ आहे, वेळ आहे, चालू सेशन तिथंच तुटलेली दिसतात. सुडोच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालवलेल्या कमांडांच्या, लॉगमध्ये कमांड कुणी दिली तेही लिहिलंय: डिझाइन. हिस्टरीची फाईल उघडली तर अकरा जणांच्या कमांडांची भेळ, वेळेचा पत्ता नाही. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडं बघतात. "सिस्टीम तू बघतोस ना?" बघतो की. बघायला काय ठेवलंय तुम्ही?

1971 साली स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, कशासाठी, तर लॉगिन झालेल्या माणसांची खरी नावं दिसावीत आणि कोण जागेवर आहे ते कळावं म्हणून. एकाहत्तर साली! आणि आम्ही आज सगळे एकाच नावात घुसून बसलोय. तालमीतसुद्धा प्रत्येकाचा लंगोट वेगळा असतो हो.

बरं, कारणं तरी काय भारी देतात. "वेगळं लॉगिन केलं तर एकमेकांच्या फाईली उघडणार नाहीत." एक ग्रुप करायचा, प्रोजेक्टच्या फोल्डरला सेटजीआयडी लावायचं, नवी फाईल आपोआप त्या ग्रुपची होते, उमास्क, म्हणजे नव्या फाईलीवर कोणाला काय परवानगी ते, तेवढा नीट ठेवायचा. चहा गार व्हायच्या आत होतं. "पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?" यूपीआयचा पिन बरा लक्षात राहतो सगळ्यांच्या! आणि आमच्या सीनियरांचं ठरलेलं वाक्य, "आपण घरची माणसं, वेगळं कशाला?" घरच्या माणसांनी रीस्टार्ट मारला तेव्हा एक तरी घरचा पुढं आला का?

वेगळी लॉगिन असती तर चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘पीएस’ला युजरचं नाव देऊन ज्याचं त्याचं दिसलं असतं. प्रत्येकाला कोरची मर्यादा घालता आली असती. आत्ता काय होतंय, सगळे एकच युजर, म्हणजे कोणीही कोणाचाही रन ‘किल’ करू शकतो, मशीनच्या लेखी तो आपलाच रन मारतोय. आणि करतात! "माझं अर्जंट होतं" म्हणून.

अकरा नावांची यादी, ग्रुप, फोल्डर, सगळं लिहून मेल टाकलाय. उत्तर आलं: "दिवाळीनंतर बघू." तो मेल मी प्रिंट काढून सर्व्हरच्या रॅकला चिकटवलाय. पुढच्या वेळी पार्टी दारात आली की तिला तिथंच नेणार.