स्टार डॉट सीएसएस

सोमवारी भर मीटिंगमध्ये, भिंतीवर माझी स्क्रीन झळकत असताना, मी छातीठोकपणे सांगितलं, "कोडमधलं हे फंक्शन कुठेच वापरात नाही. उडवून टाकू." कोड एडिटरच्या सर्चमध्ये तसं आलंच होतं : काहीही सापडलं नाही. उडवलं. पाच मिनिटांत बिल्ड लाल, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम बांधलाच जाईना. फंक्शन चौदा ठिकाणी वापरात होतं.

झालं एवढंच होतं, की शुक्रवारी मी एका बटणाचा रंग शोधत होतो. त्यासाठी सर्चखालच्या, तीन टिंबांमागे दडणाऱ्या रकान्यात 'स्टार डॉट सीएसएस' टाकलं होतं, म्हणजे शोध फक्त सीएसएस या रंगरूपाच्या फाइलींत. मी विसरलो, रकाना विसरला नाही. कळसा काखेतच होता, पण शोधताना 'काख वगळून' अशी अट मीच घालून ठेवलेली.

खरं तर 'काहीही सापडलं नाही'च्या पुढे 'स्टार डॉट सीएसएसमध्ये' असंही बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण पहिले तीन शब्द मनासारखे निघाल्यावर पुढचं वाचतो कोण?

तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी उठले. पाठीमागे आम्ही त्यांना काका म्हणतो. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सरक जरा."

"काय झालं?"

"ही सगळी एडिटरची थेरं. शोधायची आज्ञा, ग्रेप, माहितेय ना? १९७३ सालचं आहे. केन थॉम्पसन. नाव कुठून आलं, सांग."

मला ठाऊक होतं. जुन्या 'ईडी' एडिटरमधली 'जी, आरई, पी' ही आज्ञा. आरई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, शोधायच्या मजकुराचा नमुना; तो सगळीकडे शोध आणि छाप. पण बिल्ड पाडलेल्या माणसाने तोंड उघडू नये, म्हणून मी 'नाही' अशी मान हलवली. त्यांनी ते सगळ्यांना सविस्तर समजावलं. मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून दोन बोटांनी टाइप केलं : ग्रेप, फंक्शनचं नाव, इन्क्लूड, बरोबरचं चिन्ह, स्टार डॉट जेएस, म्हणजे फक्त जावास्क्रिप्ट फाइली. एंटर.

कर्सर लुकलुकू लागला.

"शोधतंय," काका म्हणाले.

लुकलुक.

"प्रोजेक्ट मोठा आहे."

लुकलुक. कोणीतरी घसा खाकरला. मला एव्हाना दिसलं होतं, की काका 'डॅश आर', म्हणजे 'सगळ्या फोल्डरांत शिरून शोध', हे विसरलेत आणि फाइलचं नावही दिलेलं नाही. अशा वेळी ग्रेप काहीही शोधत नाही. आपणच कीबोर्डवरून काहीतरी लिहू म्हणून वाट बघत बसतं. म्हणजे आम्ही त्याची वाट बघतोय, ते आमची. बोलायची माझी हिंमत झाली नाही. सात मिनिटांनी काका म्हणाले, "चालू दे. निवांत होऊ दे," आणि जागेवर जाऊन बसले.

फिल्टर लावूच नये म्हटलं तर तेही जमत नाही. एकदा सगळं मोकळं ठेवून 'टोटल' शोधलं होतं. कोणीतरी बांधून तयार झालेली मिनिफाय केलेली, म्हणजे मोकळ्या जागा काढून आवळलेली, फाइलही रेपोत, कोडच्या सामायिक साठ्यात, टाकली होती. अख्खी फाइल एका ओळीत. त्या एका ओळीनेच माझा एडिटर गुदमरला. बरं, समावेशाचा रकाना आणि वगळण्याचा रकाना एकाखाली एक, दिसायला जुळे भाऊ. चुकून खालच्यात 'स्टार डॉट जेएस' टाकलं, की नेमकं हवं तेच गायब. इंटेलिजे नावाच्या एडिटरात यालाच 'फाइल मास्क' म्हणतात. मास्क! निदान तोंड झाकायला तरी उपयोगी पडावा.

मग मी शहाणपणाने सीएसएस पुसून 'स्टार डॉट जेएस' लिहिलं. अकरा जागा सापडल्या, अकरा दुरुस्त केल्या. बिल्ड पुन्हा लाल. उरलेल्या तीन जागा जेएसएक्स या जावास्क्रिप्टच्याच भावंड फाइलींत होत्या, आणि स्टार डॉट जेएसला जेएसएक्स कळत नाही. एका अक्षराचा फरक, तरी ओळख दाखवत नाही.

सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. शेजारी बसणारी सहकारी नंतर सहज म्हणाली, "सीएसएसचं मला दिसलं होतं रे. म्हटलं, तू मुद्दाम ठेवलं असशील." मुद्दाम! मोठ्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मी मुद्दाम माझी फजिती मांडून ठेवणार होतो.

संध्याकाळी सातला टर्मिनल बंद करायला गेलो तर त्याने विचारलं : एक प्रोसेस अजून चालू आहे, थांबवू का? नाव होतं ग्रेप.