बियाचं सोडून बोला

मी १९८४ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि २०१८ साली, वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झालो. चौतीस वर्षे आमच्या घरातला प्रत्येक निर्णय, मग तो मुलीच्या लग्नाचा असो की लातुरातल्या घराच्या हप्त्याचा, पुढच्या महिन्यात पगार होणारच आहे या विश्वासावर घेतला गेला. निवृत्त झाल्यावर पैसा कमी झाला हे खरे, पण मनाला लागले ते वेगळेच. आता ठरवायचे कशाच्या भरवशावर, हेच कळेनासे झाले.

'तुम्हाला तर पेन्शन आहे, तुम्हाला कसली काळजी?' असे लोक म्हणतात आणि ते चुकीचे म्हणत नाहीत. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्या माझ्या सहकाऱ्यांना ही जुनी पेन्शन नाही. माझ्या वर्गमित्राने एसटीत कंडक्टर म्हणून उभे आयुष्य काढले. त्याला ईपीएस-९५ मधून, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून, जे मिळते त्यात दोघांची औषधेसुद्धा नीट येत नाहीत. त्या योजनेत सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात, आणि हिशेबाला धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे. २०१४ साली ठरलेली किमान पेन्शन तर महिना १,००० रुपये. त्याच्यापुढे माझी काळजी बोलून दाखवायलाही मला संकोच वाटतो.

तरीही काळजी असते. निवृत्त होताना मी नियमाप्रमाणे पेन्शनचा ४० टक्के भाग विकून एकरकमी पैसे घेतले. तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो, म्हणजे २०३३ साली. तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांचा असेन, असलो तर. आपण किती वर्षे जगणार, कोणते दुखणे निघणार, उपचारासाठी लातुरातच भागेल की सोलापूर-हैदराबाद गाठावे लागेल, म्हातारपण इथे काढायचे की मुलाकडे पुण्यात, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आज कोणी देऊ शकत नाही. 'सकारात्मक राहा, छंद जोपासा' हा सल्ला मला मनापासून दिला जातो, पण त्याने यातला एकही प्रश्न सुटत नाही.

अशा वेळी मला अण्णा आठवतात, माझे वडील. औसा तालुक्यातली कोरडवाहू जमीन. पाऊस पडेल की नाही हे त्यांना आयुष्यात एकाही वर्षी आधी कळले नाही. आमच्या वाड्याच्या अंगणात, पांढऱ्या मातीत खणलेले ज्वारीचे पेव, म्हणजे धान्य साठवायचे खोल तळघर होते. ते उघडायच्या दिवशी तोंडावरचा दगड बाजूला करून बराच वेळ तसेच ठेवत, मग दोरीला बांधून कंदील आत सोडत. आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस दगावू शकतो, म्हणून कंदील विझला नाही याची खात्री झाल्यावरच कोणीतरी खाली उतरे. वर येणाऱ्या ज्वारीला आंबूस, उबदार वास असे.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. पेव तोवर रिकामे झाले होते. आई रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, आम्ही लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि मदत म्हणून मिळणारी सुकडी खात होतो. पण उतरंडीतल्या सर्वांत खालच्या मडक्यात, राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवलेली बियाण्याची ज्वारी होती. पाहुण्यांपैकी एकाने चांगला भाव देऊन ती मागितली. अण्णा एवढेच म्हणाले, 'पाव्हणं, बियाचं सोडून बोला.' मडक्याला हात लागला नाही, आणि पुढच्या हंगामात त्याच ज्वारीची पेरणी झाली.

मी मात्र बियाण्याला हात लावला. निवृत्तीचा पैसा आला तेव्हा एका पतसंस्थेने बँकेपेक्षा कितीतरी जास्त व्याज देऊ केले. पतसंस्थेचे नाव लिहीत नाही. चार लाख ठेवले आणि २०२३ साली तिच्या दाराला कुलूप लागलेले पाहिले. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसते, हे मला त्या कुलपासमोर उभ्या असलेल्या गर्दीत समजले. मुलीच्या बाळंतपणासाठी ठेवलेले, ऊस गेल्यावर आलेले, नवऱ्याच्या माघारी मिळालेले असे पैसे त्या गर्दीतल्या लोकांचे होते. लोक म्हणतात, हावरटपणा नडला. मला ते मान्य नाही. आम्हाला श्रीमंत व्हायचे नव्हते. पुढचे काही दिसत नव्हते, आणि त्या भीतीत जो कोणी 'खात्री' हा शब्द उच्चारेल त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवला. निवृत्त माणसाला पैशांच्या तुटीइतकाच हा खात्रीचा हव्यास घातक ठरतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

तेव्हापासून मी अण्णांच्या पद्धतीने चालतो. जे उरले आहे त्यातला एक भाग बियाण्याचा ठरवला आहे. तो पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहे. मुदत पाच वर्षांची, व्याज दर तीन महिन्यांनी. भाच्याचा धंदा असो, नातवाची गाडी असो की शेतात नवी बोअर घ्यायची असो, या पैशाचा विषय निघत नाही. दुखण्याखुपण्याचा पैसा वेगळ्या खात्यात आहे, लगेच काढता येईल असा. उरलेल्यात महिना भागवायचा, आणि सोयाबीन-तुरीतून जे येईल ते वर्षाच्या हिशेबात धरायचेच नाही, आले तर आले. यामुळे पुढचे दिसू लागले असे नाही. पण रात्री झोप लागते.

हे सगळे मी एका वहीत लिहिले आणि गेल्या नोव्हेंबरात सौभाग्यवतींना वाचून दाखवले. पेन्शन किती, माझ्या पश्चात तिला कुटुंबनिवृत्तीवेतन कसे मिळेल, ठेवीच्या पावत्या कुठे आहेत. चौतीस वर्षांत मी तिला पगाराचा आकडासुद्धा नीट सांगितला नव्हता, आणि याचे मला आज फार वाईट वाटते. तिने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, 'अहो, पण बँकेत नेमकं कोणत्या खिडकीवर जायचं?'

दुसऱ्या दिवशी मला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचेच होते. तिला सोबत घेऊन गेलो. यादीत माझ्या नावापुढे मी सही केली, मग तिने पर्समधून स्वतःचा चष्मा काढला आणि त्या खिडकीवरची पाटी हळूहळू वाचून वहीत लिहून घेतली.