बंदुका किती ठेवायच्या यावर संसद बोलली, चालवायची केव्हा यावर नाही

नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे एखाद्या वस्तीवर दरोडा पडला की आठवडाभर एकच मागणी ऐकू येते: मळ्यात राहणाऱ्याला बंदुकीचं लायसन द्या. बिबट्या दिसला तरी तेच. मागणीत गैर काही नाही. पण लायसन मिळाल्यावर बार कधी काढता येतो, हे मागणाऱ्याला माहीत नसतं आणि देणारा सांगत नाही. माझ्या मते आपल्या शस्त्र कायद्यातली सर्वांत मोठी फट हीच आहे.

2019 चं उदाहरण घ्या. शस्त्र कायदा 1959 चा. एका माणसाकडे तीनच बंदुका ही मर्यादा 1983 च्या दुरुस्तीतली. 2019 च्या विधेयकात ती थेट एकावर आणायचं ठरलं होतं. ओरड झाली, आकडा दोनवर थांबला. 9 डिसेंबरला लोकसभा, 10 ला राज्यसभा, विषय संपला. लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. वरातीत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ही तरतूद आली आणि ती चांगलीच आहे. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं झाली. पण गावठी कट्टा घेऊन फिरणारा एक-दोन-तीन मोजत बसत नाही. आकड्याचा सगळा खल परवानाधारकापुरता.

पुढे डिसेंबर 2023 मध्ये भारतीय न्याय संहिता मंजूर झाली, तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून शंभरावर विरोधी खासदार निलंबित होते. दंड संहितेतली स्वसंरक्षणाची कलमं 96 ते 106 नव्या संहितेत 34 ते 44 झाली, मजकूर जवळजवळ तोच. दीडशे वर्षांपूर्वीची भाषा आजच्या मळ्याला कितपत लागू पडते, हे विचारायची ती संधी होती. गेली.

आता लायसनचं. नाशिक रोड, सातपूर, पंचवटी, सिडको या आयुक्तालयाच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्ज फॉर्म ए-1 मध्ये. बहुतेक अर्ज एकाच ओळीवर पडतात: 'स्वसंरक्षणासाठी आवश्यक'. यावर पोलीस अहवाल ठरलेला, 'प्रत्यक्ष धोका आढळून आला नाही'. वस्ती गावापासून किती लांब, आधी काय घडलं, त्याची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा एफआयआर, सातबारा, रोख ने-आण असेल तर बँकेचे उतारे, हे सगळं अर्जासोबतच लावा. धमकी आली आणि ठाण्यात नोंद केली नाही, तर कागदावर ती आलेलीच नाही.

शस्त्र कायद्याचं कलम 13 नीट वाचणारे थोडे. संरक्षणासाठी आतून गुळगुळीत, वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अडचणीचं काही नसल्यास परवाना 'द्यावा' अशी त्या कलमाची भाषा आहे. रिव्हॉल्व्हर मागितलं की तुमची गरज पटवून देण्याचं ओझं वाढतं. तरी मागणी रिव्हॉल्व्हरचीच, कारण ते कमरेला दिसतं. पोलीस अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभाही याच कलमात आहे. अर्जाला स्मरणपत्र देताना ही ओळ जरूर टाका. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही (कलम 14). नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या, कारण कलम 18 खालचं अपील त्यांच्यावरच उभं राहतं.

2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं केलं. बंदूक हाताळायची कशी, साफ कशी करायची, कुलपात कशी ठेवायची, हे त्यात आहे. बार कधी काढायचा, त्याचा तास नाही.

समजा रात्री दोनला विहिरीवरची मोटार आणि केबल कोणी काढतोय. ही साधी चोरी. अडवता येतं, आवश्यक तेवढं बळ वापरता येतं, जीव घेता येत नाही. उघड्या बागेतून द्राक्षं तोडणारा? तेच. घराचं दार, कुलूप, कौलं फोडून आत शिरणारा मात्र वेगळा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणं, आणि जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी अशी चोरी, या प्रसंगांत मालमत्तेच्या रक्षणासाठीही जीव घेण्यापर्यंतचा हक्क पोचतो (न्याय संहिता, कलम 41). कुलूपबंद कांदाचाळ यात बसते का? माल ठेवण्याची 'इमारत' कायद्यात आहे, पण तीन बाजूंनी जाळीच्या चाळीला न्यायालय इमारत म्हणेल यावर मी पैज लावणार नाही.

प्रसंग चिघळतो तो चोर पळू लागल्यावर. घरफोडीपुरता हा हक्क घुसखोरी चालू असेपर्यंतच. तो बांध ओलांडून पळतोय आणि तुम्ही पाठीत छर्रे घातलेत, तर बचावाचा पाया गेला. हक्काची मर्यादा ओलांडली म्हणून खून सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो, सुटका होईलच असं नाही. पोलिसांना बोलवायला वेळ होता का, हेही पाहिलं जातं (कलम 37), म्हणून 112 ला केलेल्या कॉलची वेळ महत्त्वाची. घाबरलेल्या माणसाने बळ सोन्याच्या काट्यावर तोलावं अशी अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. पण स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर आहे (साक्ष अधिनियम, कलम 108). संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं तरी पुरतं. तेव्हा बार झाल्यावर बंदूक पुसू नका, पुंगळ्या उचलू नका, तुटलेलं कुलूप पंचनाम्यापर्यंत तसंच राहू द्या. बंदूक जप्त होणार, परवाना निलंबित होऊ शकतो, गुन्हा दाखल होऊ शकतो. हे धरूनच चाला.

कुंपणात थेट लाइनचा करंट सोडणाऱ्यांनी तर हा हक्क विसरावा. समोर कोण आहे, धोका किती आहे, हे तारेला कळत नाही.

बिबट्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 11(2) स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना, सद्हेतूने, प्राण्याला मारणं गुन्हा धरत नाही. शेळी, वासरू त्यात नाही. गोठ्यातल्या बिबट्यावर बार टाकला, तर अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीचा गुन्हा, तीन ते सात वर्षं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नियमाप्रमाणे बंदूक सुरक्षित, कुलपात हवी. कपाट उघडून काडतुसं भरेपर्यंत चोर अंगणातून ओटीवर येतो. म्हणून वस्तीवर पहिला खर्च आतून अडसर असलेलं दार, अंगणात दिवा, कुत्रं आणि ग्राम सुरक्षा यंत्रणेत (एका फोनवर गावाला सावध करणारी सोय) नोंदवलेला फोन यांवर व्हावा. बारा बोअर त्यानंतर.

आपल्या खासदारांकडे 'लायसन सोपं करा' एवढंच निवेदन देऊ नका. दोन मागण्या लिहा. परवान्याच्या प्रशिक्षणात न्याय संहितेची 34 ते 44 कलमं मराठीत, प्रसंगांसह, अर्धा दिवस शिकवा आणि त्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नका. आणि मुदतीत पोलीस अहवाल न आलेले नाशिक जिल्ह्यातले अर्ज किती, हा आकडा गृह मंत्रालयाला सभागृहात लेखी विचारा.