गाडी आमची, शाल काकांची

काल रात्रीपासून आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. शाल पांघरलेले, हातात नारळ घेतलेले एक काका, आणि खाली ओळ: "वय ७८, तरी आमच्या गाडीचे सारथी!" त्याखाली हात जोडलेल्यांची रांगच रांग. फोटोच्या डाव्या कडेला अर्धं कापलेलं एक कोपर दिसतं ना, ते माझं. गाडी ज्यांनी बनवली त्यांच्यापैकी फोटोत आलेलं तेवढंच.

तर झालं असं की आमच्या मंडळाने या वेळी अंताक्षरी आणि पाककृतीला सुट्टी देऊन भंगारातून गाडी बनवायची स्पर्धा ठेवली. टीमने बनवायची, इंजिन लावायचं नाही, उतारावरून सोडायची, आधी खाली पोचेल तो जिंकला. आमच्या टीममध्ये मी, मेहुणे आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा.

आता इंदूरात भंगार शोधणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. २०१७ पासून ओळीने स्वच्छतेत पहिला नंबर घेणारं शहर हे, सकाळी पिवळी गाडी गाणं लावून दारात येते, ओला वेगळा, सुका वेगळा, आणि आपण जरा चुकीच्या खान्यात काही टाकलं की गाडीवरचा माणूस असा बघतो की आपणच परत उचलून घेतो. अशा गावात रस्त्याच्या कडेला गंजलेलं चाक सापडेल अशी आशा करणं हाच मूर्खपणा. शेवटी लोहामंडीकडच्या एका अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे गेलो. कूलरचा लोखंडी स्टँड, लहान मुलांच्या दोन सायकली (एकीला अजून गुलाबी टोपली होती) आणि बसायला एक वेताची खुर्ची, असं सगळं त्याने ज्या किमतीला दिलं त्यात थोडी भर घालून नवीन कूलर आला असता. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "भिया, अटाले में अब दम नहीं, सब लोग फेंकने के पहले सोचते हैं."

भाच्याचं वेगळंच. इंदूरजवळच्या पिथमपूरला कॉलेजच्या पोरांची बाहा म्हणून स्पर्धा वर्षानुवर्षं होत आलीय, त्यात पोरं खड्ड्याखुड्ड्यांतून पळणारी एकसीटर गाडी स्वतः बनवतात. हा त्या टीममध्ये होता, म्हणजे टी-शर्ट होता. त्याने पहिल्याच संध्याकाळी 'अकरमन जॉमेट्री' काढली. गाडी वळते तेव्हा आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळायला हवं, नाहीतर टायर घासत जातात, असं ते आहे. मेहुण्यांनी शांतपणे एक फळी घेतली, मधे एक बोल्ट मारला, दोन्ही टोकांना सुतळी बांधली आणि म्हणाले, खतम, डावीकडे ओढलं की डावीकडे. भाचा दोन दिवस बोलला नाही.

पण त्या अकरमनचा किस्सा मला फार आवडला. ती युक्ती अकरमनची नाहीच. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्याने १८१७ साली ती काढली, आणि अकरमन हा त्याचा लंडनमधला एजंट, पुस्तकं-चित्रं छापून विकणारा, त्याने १८१८ मध्ये तिथे पेटंट घेतलं. झालं. दोनशे वर्षं जगभरची पोरं अकरमन अकरमन करतायत आणि लांकेनस्पर्गरला कुत्रं विचारत नाही. तेव्हा ऐकून मी हसलो होतो.

चाकांवर मात्र आम्ही जीव ओतला. हबमधले छर्रे काढून वाटीत रॉकेलमध्ये धुतले. (ती वाटी श्रीखंडाची होती यावरून घरात जे झालं ते इथे नको.) जुनं ग्रीस काळं, घट्ट, त्यात कुणाच्या तरी पोराच्या शाळेच्या रस्त्याची धूळ. ग्रीसऐवजी शिलाई मशीनचं तेल घातलं, छर्रे धरून ठेवणारा कोन (शंकूसारखा नट) हळूहळू आवळला, आणि चाक उचलून बोटाने ढकललं तर ते फिरतच राहिलं, फिरतच राहिलं, शेवटी व्हॉल्व्ह खाली येऊन लंबकासारखं दोनदा हललं आणि थांबलं. मेहुणे म्हणाले, वा! त्यांनी माझ्याकडे बघून वा म्हटल्याची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ.

स्पर्धा बायपासकडच्या एका नव्या कॉलनीत, जिथे अजून प्लॉटच आहेत आणि एक बरा उतार आहे. भाच्याने हिशोब केला होता, तीन मीटरचा उतार असेल आणि घर्षण शून्य धरलं तर खाली पोचेपर्यंत ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वेग. ड्रायव्हर तोच.

आम्ही गाडी रेषेवर लावली. भाचा हेल्मेट शोधायला गेला. आणि तेवढ्यात पोह्यांच्या स्टॉलकडून हे काका आले. हातात पोह्यांची प्लेट, वर शेव, जीरावन मसाला, सगळं. गाडीभोवती एक चक्कर मारली, थांबले, वाकले.

"ही खुर्ची कुठून आणली?"

"लोहामंडीतून, काका."

"ही आमची आहे."

मी हसलो. ते नाही हसले.

"डाव्या हाताखाली बघ. बाबांनी चाकूने खाच केलीय. आम्ही पाच भावंडं, पाच खुर्च्या, माझी तिसरी, तीन खाचा."

खाली बघितलं तर तीन खाचा. आता काय बोलणार? मी म्हटलं, काका, आम्ही पैसे देऊन घेतलीय. ते म्हणाले, मी कुठं म्हणून राहिलो चोरली म्हणून, सुनेने दिवाळीच्या साफसफाईत काढली असेल, मला सांगितलं डागडुजीला दिलीय. आणि मग एकदम आवाज बदलून, "तू रामबागेतल्या मास्तरांचा मुलगा ना? तरीच. मास्तर पण असेच होते, वस्तू उचलायचे आणि मग विचारायचे." माझे वडील कधी मास्तर नव्हते, बँकेत होते, आणि आम्ही कधी रामबागेत राहिलो नाही, पण हे सांगायला वेळच मिळाला नाही कारण काका बसले. असं अलगद, प्लेट न हलवता, सवयीने पाठ टेकवून बसले आणि डोळे मिटले.

"काका, उठता का? रेस आहे."

"हो हो, होऊ दे ना."

"नाही म्हणजे गाडी चालवायचीय."

"मग चालवा. मी कुठं धरून ठेवलीय?"

स्पर्धेचे संयोजक आले. त्यांनी काकांना वाकून नमस्कार केला, म्हणजे तिथेच आमचा निकाल लागला. नियमात ड्रायव्हरचं वय लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेत डेटनला १९३३ साली एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने पोरांना खोक्यांच्या गाड्या पळवताना बघून ही सोपबॉक्स शर्यत सुरू केली, पुढे ती अ‍ॅक्रनला गेली, तिथे वयाचे, वजनाचे नियम आहेत. का आहेत ते मला त्या मिनिटाला कळलं. भाचा हेल्मेट घेऊन आला, परिस्थिती बघितली आणि म्हणाला, मामा, बसू दे त्यांना, वजन जास्त असलेलं बरं, हवेचा अडथळा तेवढाच राहतो आणि गाडी जास्त पळते. सायन्सचा असा उपयोग मी आयुष्यात बघितला नाही.

काकांना हेल्मेट घातलं. सुतळी डाव्या हातात दिली, उजव्यात प्लेट, ती सोडायला तयार नाहीत. शिटी वाजली. आम्ही ढकललं. आणि काय सांगू, ती चाकं आवाज न करता अशी निघाली की क्षणभर मी सगळं विसरलो. काका पहिल्या वळणापर्यंत पुढे होते! मग त्यांना शेव खायची होती की काय माहीत नाही, डावीकडे ओढलं गेलं, गाडी निवांत रस्ता सोडून भुशाच्या पोत्यांवर जाऊन टेकली. प्लेटमधला एक दाणा सांडला नाही. शेवटून दुसरे आलो.

पहिला नंबर ज्यांना मिळाला त्यांची गाडी चमकत होती. सियागंजच्या बाजारातून आणलेली नवी चाकं, त्यावर गंज दिसावा म्हणून मुद्दाम तपकिरी रंग मारलेला, रंग अजून ओला, मी बोट लावून बघितलंय. अ‍ॅक्रनला १९७३ साली जिंकलेल्या गाडीचा एक्स-रे काढला तर नाकात इलेक्ट्रोमॅग्नेट निघालं, सुरुवातीला गाड्या अडवून धरणारी लोखंडी फळी खाली पडताना ते गाडीला पुढे ओढायचं, आणि ते बक्षीस काढून घेतलं गेलं. आमच्या परीक्षकांनी बोटसुद्धा लावलं नाही. उलट आमच्या कागदावर शेरा, 'फिनिशिंग कमी, भंगार वाटते.' अहो, भंगारच आहे ते! भंगार वाटू नये असं भंगार कुठून आणायचं?

आणि मग काकांना शाल, नारळ, माइक. मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे दिवस, बाबा, पाच खुर्च्या, तिसरी खाच, बोलत राहिले, बायका डोळे पुसत होत्या. "ही गाडी ज्यांनी बनवली" एवढं वाक्य यायला हरकत नव्हती. नाही आलं. जाताना काकांच्या नातवाने दोन बोल्ट काढून खुर्ची स्कूटरवर आडवी टाकून नेली. मेहुण्यांनी त्याला पाना दिला, वर धरायला मदत केली.

आता बाकीचा सांगाडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा आहे आणि सेक्रेटरींची नोटीस आलीय, अटाला हलवा नाहीतर दंड. लोहामंडीवाल्याला फोन केला, त्याने जे दिलं होतं तेच परत घे म्हटलं. म्हणाला, "अब तो लोहे के भाव में जाएगा भिया. कुर्सी होती तो पचास और दे देता." पिवळी गाडीवाला घेत नाही, तो म्हणतो हे सुक्यातही बसत नाही.

काकांनी ग्रुपवर सगळ्यांना खुर्ची बघायला चहाला बोलावलंय. मी काही गेलो नाही. मेहुणे जाऊन आले. म्हणाले, चहा बरा होता, बसायला मात्र प्लास्टिकचं स्टूल दिलं.