आत्याने गोळ्या बंद केल्या, एका मेसेजमुळे

सोलापूरच्या आत्याचा परवा फोन आला. "हृदयाच्या गोळ्या सोडल्या मी. शेंगदाणा तेलात जवसाचं तेल घालते आणि सगळं त्यातच तळते. ब्लॉकेज आपोआप निघतात म्हणे." हे तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालं. तोच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय: ब्लेंडेड तेल, म्हणजे दोन तेलं मिसळून विकलेलं पाकीटबंद तेल, ही सरकारमान्य भेसळ, दोन तेलं एकत्र आली की विष होतं, म्हणून घरीच जवस मिसळा, हृदय साफ होईल.

आधी जवसाचं बोलू, कारण यात माणूस जाऊ शकतो. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-३. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजन नेमका तिथेच हल्ला करतो. क्रिकेटच्या बॅटला हेच तेल चोळतात, कारण ते हवेत सुकून थर धरतं. तेच तेल कढईत १८० अंशांवर तापवायचं, उरलेलं गाळून उद्या पुन्हा वापरायचं? ज्या ओमेगा-३ साठी हा खटाटोप, तेच नासतं आणि पोटात जातात ऑक्सिडेशनची घातक संयुगं. ब्लॉकेज विरघळवणारं तेल जगात नाही. डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडायला सांगणाऱ्याला आत्याच्या जिवाची काय पडलीय?

विषाचं म्हणाल, तर तोच मेसेज पुढे दोन तेलं घरी मिसळायला सांगतो! तेलं एकमेकांत नुसती मिसळतात. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल (दोन दुहेरी बंधांचं ओमेगा-६) साधारण ७५ टक्के, म्हणून ते लवकर खवट होतं. त्यात राइस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल, घातलं की ते प्रमाण उतरतं, वर ओरायझेनॉल हे अँटिऑक्सिडंट मिळतं आणि तेल तापवल्यावर जास्त तग धरतं.

आणि भेसळ? एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम स्पष्ट आहे: दोन खाद्यतेलं, प्रत्येक किमान २० टक्के, पाकिटावर टक्केवारी छापलेली, सुटी विक्री बंद. भेसळ लपवून करतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं विषारी तेल निघालं, साठाच्या वर माणसं दगावली. मोहरीच्या तेलाच्या मिश्रणावर तर २०२१ पासून बंदीच आहे.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. काही पाकिटांवर महागड्या तेलाचं नाव ठळक असतं आणि आत ते जेमतेम २० टक्के. मागची बारीक अक्षरं वाचूनच पैसे द्या.

आत्याला म्हटलं, जवस आवडतो तर भाजून चटणी कर, भाकरीशी खा. डॉक्टरांना मीच फोन लावून दिला. काल रात्रीपासून तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात.